शेल्टी (शेटलंड शीपडॉग) घ्यावा का? टाउनहाउस, दोन मुलं आणि भिंतीला भिंत लागून शेजारी

सई_जर्सी

नमस्कार मंडळी, इथे प्राणी पाळणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. लेक कधीची मागे लागलीये कुत्रा हवा म्हणून, आणि आता मैत्रिणीकडचा शेल्टी बघून आल्यापासून "हाच हवा" असं झालंय. दिसायला एकदम गोड आहे हे खरं, छोटा कोलीच (तो लांब केसांचा, निमुळत्या तोंडाचा मेंढपाळी कुत्रा असतो ना, तो).

आमची परिस्थिती अशी: न्यू जर्सीत टाउनहाउस, दोन्हीकडे शेजारी, मागे टीचभर अंगण. मुलं ९ आणि ५. मी घरूनच काम करते, नवरा आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला जातो. सासूबाई उन्हाळ्यात येऊन राहतात, त्यांना कुत्र्यांचं वावडं नाही पण स्वयंपाकघरात पायात पायात कोणी आलेलं चालत नाही.

नेटवर सगळीकडे तेच ते, हुशार, प्रेमळ, मुलांशी चांगला. मला ते नकोय. प्रत्यक्ष ज्यांनी पाळलाय त्यांनी सांगा, स्वभाव कसा असतो, जागा किती लागते, भुंकतो का?

लोकरीचा_गुंडा

सई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. हो. भुंकतो. भरपूर.

आम्ही टोरांटोजवळ राहतो, आमच्याकडे दोन शेल्टी आहेत, बुंदी (सेबल, म्हणजे सोनेरी-तपकिरी) आणि ढग (ब्लू मर्ल, म्हणजे करड्या अंगावर काळे डाग). दोघं कशाकशाला भुंकतात सांगू? कुरियरवाला, कुरियरवाल्याची गाडी, तशीच दिसणारी दुसरी गाडी, वाऱ्याने उडणारं पान, मी शिंकलो तर, बायको सोफ्यावरून जरा झटकन उठली तर, मिक्सर, आणि सगळ्यात वर म्हणजे कुकरची शिट्टी. पहिली शिट्टी व्हायच्या आधी कुकर जो सुस्कारे टाकतो ना तिथूनच बुंदी गॅसपाशी जाऊन उभी राहते आणि शिट्टी झाली की गोल गोल फिरत भुंकते. आपल्या घरात वरणभात रोजचा, त्यामुळे हे रोजचं. शेवटी इलेक्ट्रिक कुकर घेतला, आता शांतता आहे पण वरणाला ती चव नाही असं आईचं म्हणणं.

आवाजही जाड नाही, बारीक आणि तीक्ष्ण, डोक्यात जाणारा. कॉलवर असशील तर पलीकडच्यांना पहिल्याच मिनिटाला कळेल तुझ्याकडे कुत्रा आहे ते.

बाकी जागेचं म्हणशील तर टाउनहाउस पुरेसं आहे. रोज साधारण तासभर फिरणं-खेळणं आणि वर डोक्याला काम. बॉर्डर कोलीसारखा दिवसभर जीव खात नाही. फिरून आला की तुझ्या टेबलाखाली पायावर हनुवटी ठेवून झोपेल, तू पाणी प्यायला उठलीस की उठेल, बाथरूमला गेलीस की दाराबाहेर बसेल. ही गंमत नाही, याचा वैताग येणारी माणसं असतात. तुझ्या सासूबाईंचं जे पायात पायात येण्याचं आहे ना, ते तिथेच अडणार बहुतेक.

म्याऊवाली

मी कुत्रेवाली नाही, शेजारीण आहे. आमच्या भिंतीपलीकडे शेल्टी आहे. माणसं सज्जन आहेत, कुत्राही गोड आहे, मला बघून शेपूट हलवतो. पण ती दोघं कामावर गेली की सकाळी जे सुरू होतं ते टप्प्याटप्प्याने दुपारपर्यंत. त्यांना माहीतच नव्हतं कारण ते घरी असतात तेव्हा तो तसा भुंकत नाही! मी फोनवर रेकॉर्ड करून ऐकवलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला बिचाऱ्यांचा. तेव्हा घ्यायच्या आधी शेजाऱ्यांशी दोन शब्द बोलून ठेव गं, नंतर बोलण्यापेक्षा बरं.

चिमणराव_पाटी

मग कॉर्गी घ्या की. राणीकडे होते तेच. छोटे पाय, दिसायला कार्टून, सोफ्यावर पडून राहतात.

लोकरीचा_गुंडा

कॉर्गी सोफ्यावर पडून राहतो हे ज्यांनी फोटोतच बघितलाय तेच म्हणतात 😀 तोही मेंढपाळी गटातलाच, वेल्समध्ये गुरं हाकायचा. गुरांच्या टाचांना चावे घेऊन पुढे ढकलायचं आणि लाथ आली की डोक्यावरून जाऊ द्यायची, म्हणून उंची कमी. एलिझाबेथ राणीने १९४४ साली मिळालेल्या सुझनपासून पुढे आयुष्यात ३० हून जास्त कॉर्गी पाळले, पण तिच्याकडे नोकरचाकर आणि पार्क होते. लांब पाठीमुळे मणक्याचे त्रास होतात, जिन्यावरून उड्या मारू द्यायच्या नाहीत, आणि टाउनहाउस म्हणजे जिनेच जिने. केस गळणं दोघांचं सारखंच. भुंकण्यात उन्नीस-बीस.

पेठेतला

परदेशी जातीचे लाड कशाला म्हणतो मी. रस्त्यावरचं पिल्लू उचला, दंडवत घालेल जन्मभर.

सई_जर्सी

@पेठेतला, न्यू जर्सीत रस्त्यावर पिल्लं नाहीत हो. शेल्टरमधून घ्यायचा विचार आहेच, पण प्रश्न शेल्टीचा आहे.

उत्तरवारा

मी अ‍ॅबर्डीनला असतो, त्यामुळे शेटलंडला, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या बेटांवर, जाणं होतं. संध्याकाळी इथून बोट निघते ती रात्रभर डुलत सकाळी लर्विकला, तिथल्या मुख्य गावाला, लागते. हे सगळं सांगतोय कारण तो भाग बघितल्यावर हा कुत्रा असा का आहे ते लगेच कळतं, भुंकण्यासकट.

तिथे झाड म्हणून नाही. नुसता वारा, गवत आणि मेंढ्या. ऐन जुलैतही दिवसाचं तापमान १४-१५ च्या आसपास. शेतकरी म्हणजे क्रॉफ्टर, घरालगत थोडीशी जमीन, त्यात ओट्स, बटाटे, केल (कोबीच्या जातीची पालेभाजी), आणि बाकीचा डोंगर सगळ्यांच्या सामायिक चराईचा. केलची रोपं करायला दगडांची गोल भिंत रचलेली असते, तिला प्लँटीक्रब म्हणतात, आपल्या छातीएवढी उंच, वर छप्पर नाही, आत जेमतेम खाट मावेल एवढी जागा. पडक्या अवस्थेतली अजून जागोजागी दिसतात. मी एकात शिरून उभा राहिलो होतो, बाहेर वाऱ्याने जॅकेट फाटायची वेळ आणि आत वारा एकदम बंद. केवढीशी भाजी वाचवायला माणसाने केवढा खटाटोप केलाय बघा. तर ही रोपं भिंतीआड राहिली, पण उघड्या शेताला कुंपण नसायचं. मेंढ्या आणि ती बुटकी शेटलंड घोडी पिकात घुसणार हे ठरलेलं. तिथे हा कुत्रा. काहीही हललं की बोंब ठोकायची, धावत जायचं, हुसकून परत यायचं. स्थानिक लोक त्याला टूनी म्हणायचे, टून म्हणजे घर-शेताची वस्ती, तिचा राखणदार. मेंढ्या लहान, घोडी लहान, माणसांचं खाणं बेताचं, मग कुत्रा मोठा पोसणार कोण.

म्हणजे तुमच्या घरासमोरून कुरियरवाला आला, शेल्टी भुंकला आणि कुरियरवाला निघून गेला, की त्याच्या हिशोबाने पीक वाचलं. रोज वाचतंय. तो का थांबेल?

आणखी एक. आजचा शेल्टी जसाच्या तसा तिथला नाही. खलाशी आणि प्रवासी गोंडस पिल्लं विकत घ्यायला लागले तसे लोकांनी छोट्या कुत्र्यांशी संकर केले, पुढे रूप टिकवायला रफ कोली घातला. १९०८ ला लर्विकमध्ये पहिला क्लब निघाला. आधी नाव शेटलंड कोली ठेवलं होतं, त्यावर कोलीवाले भडकले, मग १९१४ मध्ये केनेल क्लबकडे (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी ब्रिटनमधली संस्था) शेटलंड शीपडॉग हे नाव पक्कं झालं. आता तिथल्या डोंगरावर मेंढ्यांमागे दिसतो तो बॉर्डर कोली. शेल्टी बघायचा तर तुमच्या जर्सीत जास्त दिसतील.

गोठा

वा, उत्तरवारा, छान माहिती. मी गुरांचा डॉक्टर आहे, साताऱ्याकडे. आपल्याकडच्या धनगरांचे कुत्रे बघितले तर बरोबर उलटं काम आहे. मेंढ्या वळवायचं काम माणूस करतो, काठी, शीळ आणि विशिष्ट हाका. कुत्रा असतो तो लांडग्यासाठी, रात्री वाड्याभोवती. त्यामुळे आपल्या डोक्यात "मेंढपाळाचा कुत्रा" म्हटलं की दांडगा, अंगावर येणारा असा येतो. शेल्टी तसा अजिबात नाही. अनोळखी माणूस आला की हा मागे सरकून भुंकेल. लाजाळू आणि हळवा. घरात मोठ्याने भांडणं होत असतील तर कोपऱ्यात जाऊन बसतो, खाणं सोडतो. दटावून, हात उगारून काही शिकवायला गेलात तर फक्त भित्रा होईल.

आता औषधांबद्दल, हे नीट वाचा. कोली आणि त्याच्या भाऊबंदांमध्ये एमडीआर१ नावाच्या जनुकात दोष असतो. कोलीत फार जास्त, शेल्टीत त्यामानाने कमी, पण असतो. असा कुत्रा असेल तर काही औषधं मेंदूत शिरतात जी एरवी शिरत नाहीत. आपल्याकडे गोचीड, खरूज म्हटलं की सर्रास आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन ठोकतात. दोष असलेल्या कुत्र्याला त्या डोसने लडखडणं, आंधळेपणा, कोमा, मृत्यू, काहीही होऊ शकतं. हार्टवर्मच्या (हृदयात होणाऱ्या जंतांच्या) महिन्याच्या गोळीत जे असतं ते फार थोडं, ते लेबलप्रमाणे दिलं तर चालतं. जुलाबाची लोपेरामाइड पण घरच्या घरी द्यायची नाही. गालाच्या आतून बोळा फिरवून टेस्ट होते, एकदाच करायची आणि फाइलला लावून ठेवायची. अजून एक, जंताचं औषध दिलेल्या घोड्या-मेंढ्यांचं शेण खाऊनही विषबाधा होऊ शकते. फार्मवर फिरायला नेणार असाल तर लक्षात असू द्या.

पेठेतला

डॉक्टर, मग पुण्यात पाळता येईल का? उगाच टोमणा मारला मघाशी, पण फोटो बघून मन विरघळलं.

गोठा

येईल, पण एप्रिल-मेमध्ये सकाळी सहाला आणि रात्रीच फिरवणं, दुपारी पंखा किंवा एसी, गार फरशी. पावसाळ्यात आतली लोकर ओली राहिली की कातडीला बुरशी आणि खाज, त्यामुळे पोट आणि मांड्या मुळापर्यंत वाळवायच्या. आणि कृपा करून उन्हाळा आला म्हणून वस्तरा फिरवू नका. दुहेरी कोट असतो, बाहेरचा लांब आणि जरा राठ, आतला दाट मऊ. बाहेरचा ऊन थेट कातडीवर येऊ देत नाही. भादरला तर परत येताना कुठे येतो कुठे येत नाही. आतली लोकर विंचरून काढली की हवा खेळते, तेवढं पुरतं.

खरं सांगायचं तर आपल्याकडे खात्रीचा ब्रीडर मिळणंच मुश्कील. "टीकप शेल्टी", "मिनी शेल्टी" म्हणून कोणी विकत असेल तर अशी वेगळी जात नाहीये, फोन ठेवून द्या.

लोकरीचा_गुंडा

केसांचं मी सांगतो, माझं नावच त्यावरून आहे. वर्षातून दोनदा जोरात गळतात, बाकी वर्षभर थोडे थोडे. आठवड्यातून दोन वेळा विंचरलं की बस म्हणतात, पण वरवर ब्रश फिरवला तर काही उपयोग नाही. पाण्याचा हलका फवारा मारायचा, एका हाताने केस वर धरायचे आणि खालून एकेक थर सोडत कातडीपर्यंत पिन ब्रश न्यायचा. कानामागे बोट घालून बघायचं, तिथे रेशमासारखे बारीक केस असतात आणि तिथेच पहिली गाठ होते. दुसरी जागा मागच्या मांड्या आणि तिसरी पुढच्या पायांची काख, जिथे हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) घासतो. गळण्याच्या दिवसात ढगला विंचरलं की शेजारी दुसरा कुत्रा बसलाय असं वाटेल इतका ढीग निघतो. काळे कपडे विसर.

ब्लू मर्लचा विषय निघालाच आहे तर, मर्लला मर्ल कधीही लावायचा नाही. दोन्हीकडून ते जनुक आलेली पिल्लं पांढरट, बरेचदा बहिरी किंवा आंधळी निघतात. "दुर्मिळ पांढरा शेल्टी" अशी जाहिरात दिसली की समजून जा. आणि ब्रीडरला पिल्लाचे डोळे सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान नेत्रतज्ज्ञ पशुवैद्याने तपासलेत का ते विचार, कोली आय नावाचा दोष तेव्हा दिसतो, पुढे डोळ्यात रंग भरला की सौम्य असेल तर झाकला जातो. थायरॉइड आणि पित्ताशयाचे त्रासही या जातीत दिसतात, म्हणून तेलकट-तुपकट नको.

सई_जर्सी

बापरे, खूपच सविस्तर, थँक्यू सगळ्यांना! तेलकट-तुपकटचं सासूबाईंना कोण सांगणार 😅

दोन गोष्टी अजून विचारायच्यात. धाकटा पाच वर्षांचा आहे आणि दिवसभर घरात पळतो, त्याला चावेल का? आणि भुंकणं कमी करता येतं की नाही? एकीने शॉक कॉलर सुचवली, मला पटलं नाही.

खारुताई

सई, आमचा शेल्टी आता म्हातारा झालाय, मुलं त्याच्याबरोबरच मोठी झाली. चावतो म्हणजे रागाने नाही. मुलं पळायला लागली की त्याला राहवत नाही, तो बाहेरून गोल घेरा घेतो, मान खाली, नजर पायांवर, मग पोटरीला नाक टोचतो, तरी नाही थांबलं पोर तर पॅंटची कड पकडतो. कधी कधी दात लागतात. लेकाच्या वाढदिवसाला घरात पोरंच पोरं होती, मी केक आणायला आत गेले आणि बाहेर आले तर याने सगळ्यांना सोफा आणि टीव्हीच्या मधे गोळा करून ठेवलेलं आणि स्वतः तोंडाशी उभा! मोठ्यांना हसू आवरेना पण एक लहान मुलगी घाबरून रडत होती, त्यामुळे नुसतं गोड म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही ती.

आम्ही मुलांना स्टॅच्यूचा खेळ शिकवला. कुत्रा मागे लागला की स्टॅच्यू. हलायचं नाही, ओरडायचं नाही, हात छातीशी. पळणारं काही उरलं नाही की त्याचा रस संपतो, मग त्याला बोलावून खाऊ द्यायचा. आणि मुलांचा दंगा टिपेला असेल तेव्हा कुत्र्याला दुसऱ्या खोलीत चघळायला काहीतरी देऊन ठेवायचं, जिन्याला आणि स्वयंपाकघराला लहान मुलांची फाटकं बसवायची. सासूबाईंचा प्रश्न तिथेच सुटला.

सायकली आणि गाड्यांच्या मागेही असाच धावतो, तिथे मात्र जीव जातो. पट्टा सोडायचा नाही म्हणजे नाही.

शॉक कॉलर नको गं. डॉक्टर म्हणालेत तसं हळवं जनावर आहे, कुरियरवाला दिसला की दुखतं एवढंच शिकेल आणि जास्त भुंकेल. काही लोक घशाचं ऑपरेशन करून आवाज काढतात, ब्रिटनमध्ये त्याला बंदी आहे, मॅसॅच्युसेट्सनेही २०१० मध्ये कायदा केला. त्या वाटेला जायचंच नाही.

म्याऊवाली

माझ्या शेजाऱ्यांनी खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला दुधी फिल्म लावली, रस्ता दिसेनासा झाला. निम्मं भुंकणं त्याने गेलं. खरंच. मी साक्षीदार आहे.

लोकरीचा_गुंडा

फिल्मला माझंही मत. दुसरं म्हणजे "गप्प!" असं ओरडायचं नाही, त्याला वाटतं आपणही भुंकतोय. आम्ही असं करतो: भुंकला की उठून जायचं, खिडकीतून बघायचं, शांतपणे "पुरे" म्हणायचं आणि नाकासमोर खाऊ धरायचा. वास घ्यायला तोंड मिटावंच लागतं. दोन सेकंद शांत राहिला की द्यायचा, मग पाच, मग दहा. बुंदी आता दोनदा भुंकून स्वतःच माझ्याकडे बघते की आता बोल पुरे. हुशारी म्हणतात ती इथे कामी येते. स्टॅनली कोरेन या मानसशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये आज्ञा शिकण्याच्या बाबतीत जातींची जी क्रमवारी लावली त्यात शेल्टी सहावा होता. पण हुशार म्हणजे हेही शिकतो की खोटं भुंकलं तरी खाऊ मिळतो, तिथे सांभाळ.

रिकामं डोकं ठेवायचं नाही. जेवण वाटीत द्यायच्या ऐवजी जुन्या टॉवेलात दाणे गुंडाळून दे, सोडवत बसतो. अ‍ॅजिलिटीचा (अडथळ्यांच्या शर्यतीचा) क्लास मिळाला तर लेकीला घेऊन जा, नऊ वर्षांची मुलगी छान पळवेल त्याला, या खेळात शेल्टी फार पुढे असतात.

सई_जर्सी

अपडेट: पिल्लू नाही घेत बहुतेक. जवळच्या एका रेस्क्यूकडे चार वर्षांचा शेल्टी आहे, मालकीण आजी वारल्या म्हणून आलाय. फोस्टर बाई (सध्या तात्पुरता सांभाळतायत त्या) म्हणाल्या मुलांबरोबर ठीक आहे. फक्त खांद्यापाशी १८ इंच आहे, मग तो खरा शेल्टी का? आणि शनिवारी बघायला जाणार आहोत तर काय बघू?

उत्तरवारा

अमेरिकेत शोसाठी १३ ते १६ इंच चालतात, त्याबाहेर बाद. पण वर सांगितलं ना, कोली घातलेला आहे मागे, त्यामुळे शुद्ध आईबापांच्या पोटीही मोठी पिल्लं निघतात. शोला बाद, घराला नाही. जिने चढायला उलट बराच.

खारुताई

चार वर्षांचा म्हणजे उत्तम, स्वभाव ठरलेला असतो. पहिल्या भेटीत तो अंगावर येईल अशी अपेक्षा ठेवू नका, मुलांना सांग जमिनीवर बसा, बघू नका त्याच्याकडे, तो आपणहून येऊन वास घेईल. धाकट्याला थोडं चालायला, मग थोडं पळायला सांग आणि कुत्रा काय करतो बघ. फोस्टर बाईंना एकटं ठेवल्यावरचा व्हिडिओ माग.

लोकरीचा_गुंडा

आणि फोनवर कुकरच्या शिट्टीचं रेकॉर्डिंग घेऊन जा, मी चेष्टा करत नाहीये. आधी हळू आवाजात लाव. दचकून लगेच शांत झाला तर चालेल, पलंगाखाली गेला आणि बाहेरच येईना तर इलेक्ट्रिक कुकरचे पैसे बाजूला काढ.

एमडीआर१ची टेस्ट झालीये का तेही विचार, नसेल तर आणल्यावर करून घे, डॉक्टरांनी लिहिलंय त्याप्रमाणे.

सगळ्यात महत्त्वाचं, घरी आणताना. शेल्टीचं डोकं निमुळतं आणि मानेला भरगच्च आयाळ, साधा पट्टा घट्ट वाटतो आणि तो मागे सरकला की सटकन डोक्यातून निघतो. नव्या घरात घाबरलेला शेल्टी एकदा निसटला की हाका मारून येत नाही, तुमच्यापासूनच पळतो. ओढला की थोडा आवळतो तसा मार्टिंगेल पट्टा घे आणि त्याबरोबर हार्नेस, दोन्हीला साखळी. गाडीचं दार उघडायच्या आधी साखळी हातात, आणि अंगणातसुद्धा सुरुवातीचे काही आठवडे मोकळा सोडू नकोस, कुंपण कितीही उंच असलं तरी.

सई_जर्सी

लिहून घेतलं सगळं. मार्टिंगेल आजच मागवते. शिट्टी रेकॉर्ड करायला आत्ता कुकर लावलाय, सासूबाई फोनवर विचारतायत आमटी रात्री दहाला कशाला.